पातळी, साठा आणि चेन रूल

एखादी राशी किती वेगाने बदलते आहे, हे दरवेळी थेट मोजता येत नाही. बऱ्याचदा हाताशी असते ती तिच्याशी जोडलेली दुसरीच राशी. या दोघींचा संबंध ठाऊक असला आणि दुसरीचा बदल घड्याळ लावून मोजता आला, की पहिलीच्या बदलाचा दर काढता येतो. तो काढून देणारी विकलनातली रीत म्हणजे साखळी नियम. वर्गाच्या बोलीत चेन रूल. बारावीच्या गणितात तो दोनदा भेटतो. आधी संयुक्त फलाच्या विकलनात, निव्वळ हिशेबाची रीत म्हणून. नंतर विकलनाच्या उपयोजनांत, बदलाचा दर काढण्याचे साधन म्हणून. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात बारावीला गणित शिकवणाऱ्याच्या नजरेला एक गोष्ट वर्षानुवर्षे पडते. पहिल्या ठिकाणी मुले चार उदाहरणांत सरावतात, दुसऱ्या ठिकाणी तीच मुले पेन खाली ठेवतात. नियम तोच असतो. अडते ते दोन राशींचा संबंध मांडण्यापाशी, आणि शिकवण्याचे बरेचसे काम तिथेच असते.

धरणाची पातळी आणि धरणाचा साठा

या भागात नियमाचे सर्वांत जवळचे उदाहरण बारवी धरण. बदलापूरजवळचे हे धरण एमआयडीसीचे आहे. कारखान्यांबरोबरच आसपासच्या शहरांना ते पाणी पुरवते, आणि स्वतःचा स्रोत नसलेल्या उल्हासनगरची तहान त्याच पाण्यावर भागते. पावसाळ्यात धरणाचे दोन आकडे घरोघरी चर्चेत असतात: पाण्याची पातळी मीटरमध्ये आणि साठा दशलक्ष घनमीटरमध्ये. उंची वाढवल्यानंतर धरण ७२.६० मीटरला भरते आणि तेव्हा साठा सुमारे ३३९ दशलक्ष घनमीटर होतो.

यातला साठा कुणी मापाने मोजलेला नसतो. मोजली जाते ती पातळी. प्रत्येक पातळीला किती साठा असतो याचा तक्ता सर्वेक्षणातून आधीच तयार केलेला असतो. पातळी वाचायची आणि तक्त्यातून साठा काढायचा. म्हणजे साठा हे पातळीचे फल, आणि पातळी हे वेळेचे फल. साठ्याला व्ही, पातळीला एच आणि वेळेला टी म्हटले, की चेन रूल सरळ लिहिता येतो:

डी-व्ही बाय डी-टी = (डी-व्ही बाय डी-एच) × (डी-एच बाय डी-टी)

डावीकडे आहे साठा वाढण्याचा दर. उजवीकडचा शेवटचा गुणक म्हणजे पातळी चढण्याचा दर, तो मोजपट्टीवर दिसतो. मधल्या गुणकाचा अर्थ मात्र समजावून घ्यावा लागतो. पातळी किंचित वाढली तर साठ्यात किती भर पडते, हे तो सांगतो. पाण्याच्या पृष्ठभागावर चढलेला पातळसा थर डोळ्यापुढे आणला, तर त्या थराचे घनफळ म्हणजे पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणिले थराची जाडी. म्हणून डी-व्ही बाय डी-एच म्हणजे त्या पातळीला पाण्याचा पसारा किती, तेवढेच. धरणाचा तळ कसाही वेडावाकडा असला तरी हे खरे राहते.

आकडे घालून पाहिले की याचा परिणाम दिसतो. उदाहरणापुरते असे धरू की खालच्या पातळीला पाण्याचा पसारा १० चौरस किलोमीटर आहे आणि वरच्या पातळीला २०. धरणात साडेतीन हजार क्युसेकने, म्हणजे सेकंदाला सुमारे १०० घनमीटर पाणी येते आहे आणि बाहेर काहीच सोडलेले नाही. खालच्या पातळीला पाणी तासाला ३.६ सेंटिमीटर चढेल. वरच्या पातळीला तोच ओघ तासाला १.८ सेंटिमीटरच चढवेल. जूनअखेरीस धरण भराभर चढते आणि ऑगस्टमध्ये पाऊस तसाच असूनही पातळी रेंगाळते, तेव्हा पाऊस कमी झाला असेलच असे नाही. पसारा वाढलेला असतो.

उलट दिशेनेही हाच हिशेब चालतो. पसारा १५ चौरस किलोमीटर असताना पातळी तासाला ४ सेंटिमीटर चढत असेल, तर साठा तासाला ६ लाख घनमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे १६७ घनमीटरने वाढतो आहे. दारांतून पाणी सुटत असेल तर ते यात मिळवायचे, की धरणात येणारा एकूण ओघ हाती येतो. धरणात पाणी कितीने येते हे अनेक ओढ्यानाल्यांवर जाऊन मोजण्यापेक्षा मोजपट्टी आणि घड्याळ यांवरून काढणे सोपे, आणि व्यवहारात तसेच काढतात.

टँकरचा हिशेब

धरण दूर वाटते. टँकर मात्र प्रत्येकाने पाहिलेला असतो. उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात पाण्याचा टँकर उभा राहतो, पाइप टाकीत सोडतात आणि पंप सुरू होतो. झाकण उघडून आत काठी घातली, की पाणी किती उरले ते दिसते. टाकी आडव्या नळकांड्यासारखी असली तर पाणी एकसारख्या वेगाने उतरत नाही. सुरुवातीला झपाट्याने उतरते, मध्यावर संथ होते आणि तळाशी पुन्हा भराभर जाते. पंप तोच आणि पाइपही तोच, तरी असे का, हा प्रश्न वर्गात टाकला की उत्तरे बहुधा पंपाकडे बोट दाखवतात.

टाकीची त्रिज्या ०.८ मीटर आणि लांबी ५ मीटर धरू. तिच्यात जवळजवळ १० हजार लिटर पाणी मावते. पंप मिनिटाला ५०० लिटर, म्हणजे अर्धा घनमीटर पाणी ओढतो. आडव्या नळकांड्यात अमुक खोलीपर्यंत पाणी असताना त्याचे घनफळ किती, याचे सूत्र किचकट आहे. त्यात व्यस्त त्रिकोणमितीय फल येते. बहुतेक मुले ते सूत्र शोधू लागतात आणि तिथेच थकतात. दर काढायला ते लागतच नाही. लागतो तो पृष्ठभाग, आणि पृष्ठभाग म्हणजे ५ मीटर लांबीचा आयत. त्याची रुंदी पायथागोरसवरून निघते: खोली एच असेल तर रुंदी २√(२ × ०.८ × एच − एच²).

टाकी अर्धी भरलेली असताना रुंदी पूर्ण १.६ मीटर, पृष्ठभाग ८ चौरस मीटर. अर्धा घनमीटर भागिले ८, म्हणजे पाणी मिनिटाला सव्वासहा सेंटिमीटर उतरते. खोली १६ सेंटिमीटर उरली असताना रुंदी ०.९६ मीटर, पृष्ठभाग ४.८ चौरस मीटर, आणि पाणी मिनिटाला सुमारे १०.४ सेंटिमीटर उतरते. पडताळाही हाताशी आहे. १० हजार लिटर उपसायला २० मिनिटे लागतात आणि तेवढ्यात पाणी १६० सेंटिमीटर उतरते, म्हणजे सरासरी मिनिटाला ८ सेंटिमीटर. मध्यावरचा दर सरासरीहून कमी आणि टोकांकडचा जास्त, हे जुळते.

त्याच वेळी हे पाणी सोसायटीच्या चौकोनी टाकीत पडत असते. तिथे पृष्ठभाग सगळ्या उंचीला सारखाच, म्हणून पातळी शेवटपर्यंत एकाच वेगाने चढते. दोन टाक्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की मधला गुणक काय करतो ते सूत्राआधीच उमगते.

आधी विकलन, मग किंमती

या प्रकारच्या गणितांत सर्वाधिक गुण जातात ते किंमती घालण्याच्या घाईमुळे. टोक खाली असलेल्या शंकूच्या आकाराच्या टाकीचे उदाहरण घ्यावे. टाकीची उंची १२ मीटर, वरची त्रिज्या ४ मीटर, आणि पाणी मिनिटाला २ घनमीटर पडते आहे; पाण्याची खोली ६ मीटर असताना पातळी किती वेगाने चढते, असा प्रश्न. खोली ६ असताना पाण्याच्या पृष्ठभागाची त्रिज्या २ मीटर, हे मुले लगेच काढतात. मग घनफळाच्या सूत्रात त्रिज्येच्या जागी २ लिहून फक्त एच ठेवतात आणि विकलन करतात. उत्तर येते मिनिटाला सुमारे ४८ सेंटिमीटर.

खरे उत्तर याच्या एक तृतीयांश आहे. पाणी चढते तशी त्रिज्याही वाढते. ती त्या क्षणी २ आहे, स्थिर नाही. त्रिज्या नेहमी खोलीच्या एक तृतीयांश असते हा संबंध आधी वापरला, की घनफळ हे केवळ एच चे फल होते: पाय गुणिले एच चा घन, भागिले २७. त्याचे विकलन केले की पाय एच वर्ग भागिले ९ मिळते, आणि आता एच च्या जागी ६ घातले की ४ पाय. हे पुन्हा पृष्ठभागाचेच क्षेत्रफळ, कारण त्रिज्या २ असलेल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ४ पाय असते. २ भागिले ४ पाय, म्हणजे मिनिटाला सुमारे १६ सेंटिमीटर.

म्हणून उत्तरपत्रिकेत पायऱ्यांचा क्रम ठरलेला असावा लागतो. बदलणाऱ्या राशींना नावे द्यायची. त्यांच्यातला संबंध असा लिहायचा की तो एका क्षणापुरता न राहता प्रत्येक क्षणी खरा असेल. दोन्ही बाजूंचे वेळेच्या संदर्भात विकलन करायचे. त्या क्षणाच्या किंमती घालायच्या त्या सगळ्यांत शेवटी. आरंभापासून अखेरपर्यंत न बदलणारे आकडे, जसे टाकीची लांबी किंवा खांबाची उंची, पहिल्यापासून घातले तरी चालतात. कोणता आकडा क्षणाचा आणि कोणता कायमचा, हे प्रश्न वाचतानाच ठरवायचे असते. शिकवताना फळ्यावर दोन रंगांचे खडू वापरले, एक बदलणाऱ्या राशींना आणि एक स्थिर राशींना, तर ही घाई पुष्कळ कमी होते.

दोन पडताळे प्रत्येक उत्तराला लावता येतात. पहिला एककांचा: घनमीटर प्रति मीटर गुणिले मीटर प्रति मिनिट, यातून घनमीटर प्रति मिनिटच यायला हवे. दुसरा चिन्हाचा. राशी घटत असेल तर तिचा दर ऋण. पाणी उतरत असताना उत्तर धन आले, तर कुठेतरी चिन्ह सुटले आहे.

रुळांजवळ उभा असलेला माणूस

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोहमार्गाची रेघ या तिन्ही शहरांतून जाते, आणि क्लासला येणारी मुलेही त्याच रेघेवरून येतात. म्हणून पायथागोरसवर बेतलेली गणिते शिडीपेक्षा लोकलवर चांगली समजतात. सरळ रुळांपासून ६० मीटरवर एक माणूस उभा आहे. लोकल सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने त्याला ओलांडून पुढे निघाली आहे. रुळांवरच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून ती ८० मीटर पुढे गेली असताना तिचे माणसापासूनचे अंतर १०० मीटर. ते अंतर किती वेगाने वाढते आहे?

अंतराचा वर्ग म्हणजे रुळांवरच्या अंतराचा वर्ग अधिक ६० चा वर्ग. विकलन केले की ६० चे पद नाहीसे होते, कारण माणूस हलत नाही. उरते ते असे: अंतर वाढण्याचा दर म्हणजे ८० भागिले १०० गुणिले १५, सेकंदाला १२ मीटर. लोकल १५ च्या वेगाने धावते आहे आणि माणसापासून १२ च्या वेगाने दुरावते आहे. दोन्ही वाक्ये एकाच क्षणी खरी. लोकल अगदी समोर असताना हा दर शून्य असतो, आणि ती पुष्कळ दूर गेली की तो १५ च्या जवळ जातो.

हा दर कानाला ऐकूही येतो. भोंग्याचा सूर गाडीच्या वेगापेक्षा अंतर बदलण्याच्या दरावर अवलंबून असतो. भोंगा ४०० हर्ट्झचा आणि आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर गाडी १२ च्या दराने जवळ येताना सूर सुमारे ४१५ हर्ट्झ ऐकू येतो आणि तेवढ्याच दराने दूर जाताना ३८६. रुळांपासून लांब उभे राहिले तर सूर हळूहळू उतरतो. रुळांना खेटून उभा असलेल्याला तो एकदम कोसळल्यासारखा वाटतो. कारण जवळ उभ्या असलेल्यासाठी दराचे चिन्ह क्षणार्धात पालटते.

दिव्याखालच्या सावलीचे गणितही याच वर्गातले. सहा मीटर उंच खांबापासून दीड मीटर उंचीची व्यक्ती सेकंदाला १.२ मीटरने दूर चालते आहे. समरूप त्रिकोणांवरून सावलीची लांबी खांबापासूनच्या अंतराच्या एक तृतीयांश निघते, म्हणून सावली सेकंदाला ०.४ मीटरने लांबते. सावलीचे टोक मात्र सेकंदाला १.६ मीटरने सरकते, कारण त्यात चालण्याचा वेगही मिळवायचा असतो. इथे हिशेब सगळ्यांना येतो. प्रश्न लांबीचा आहे की टोकाचा, एवढे वाचण्यात चूक होते.

नदी चढते तेव्हा

बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर आहे. अतिवृष्टीच्या दिवशी या दोन आकड्यांमधला एक मीटर किती वेळात भरतो याकडे सगळ्यांचे लक्ष लागते. २७ जुलै २०१९ च्या पहाटे नदीचे पाणी लोहमार्गावर आले आणि बदलापूर ते वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले.

नदीत मोजली जाते ती पातळी, आणि हवा असतो प्रवाह. दोहोंचा संबंध प्रत्येक ठिकाणासाठी मोजणीतून बसवलेला असतो. साधारणपणे प्रवाह हा पात्रातल्या खोलीच्या एखाद्या घाताच्या प्रमाणात वाढतो, आणि रुंद पात्रासाठी तो घात पाच-तृतीयांशच्या जवळ असतो. अशा संबंधाला चेन रूल लावला की सोपे रूप मिळते: प्रवाह शेकडा किती दराने वाढतो ते काढायला खोलीचा शेकडा दर त्या घाताने गुणायचा. पात्रात ५ मीटर पाणी आहे आणि ते तासाला ३० सेंटिमीटर चढते आहे, असे धरू. खोलीची वाढ तासाला ६ टक्के, प्रवाहाची १०. काठावरून पाहणाऱ्याला चढ मामुली वाटतो, तोवर प्रवाह त्याहून बराच वेगाने फुगलेला असतो.

पाणी काठ ओलांडते तेव्हा मधला गुणक एकदम बदलतो. पात्र अरुंद असते तोवर येणारे पाणी पातळी चढवते. काठाबाहेर पडले की तेच पाणी शेतांत, रस्त्यांवर, वस्त्यांत पसरते. पसारा अनेक पटींनी वाढला की पातळी चढण्याचा दर घटतो, येणारे पाणी जराही कमी न होता. चढ मंदावला म्हणजे पूर ओसरू लागला, असा निष्कर्ष अशा वेळी घातक ठरतो. पातळीचा दर हा ओघ आणि पसारा या दोघांचा मिळून परिणाम आहे. एकट्या पातळीच्या दरावरून ओघाबद्दल बोलता येत नाही, हे इथे चेन रूल स्पष्टपणे सांगतो.

नियमाचा उगम आणि त्याच्या मर्यादा

लायब्निझच्या १६७६ च्या एका टिपणात हा नियम वर्गमूळ असलेल्या राशीसाठी वापरलेला दिसतो. १६९६ मध्ये लोपिताल यांचे विकलनावरचे पाठ्यपुस्तक आले, त्यातही तो वेगळे नाव न घेता वापरलेला आहे. दरांची गणिते पाठ्यपुस्तकांत रुजली ती एकोणिसाव्या शतकात. लंडनमध्ये शिकवणारे विल्यम रिची यांनी १८३६ मध्ये विकलनावरचे पुस्तक लिहिले, त्यात अमूर्त व्याख्यांऐवजी बदलत्या दरांची रोजची उदाहरणे पुढे आणली. सामान्य विद्यार्थ्याला विषय समजावा हा त्यामागचा हेतू होता. आजच्या पुस्तकांतल्या शिड्या, फुगे आणि शंकू त्या परंपरेतले आहेत.

लायब्निझच्या चिन्हांत लिहिले की वरचा डी-एच आणि खालचा डी-एच कापले जातात असे दिसते. लक्षात ठेवायला हे बरे, पण ती सिद्धता नव्हे. डी-एच बाय डी-टी हा अपूर्णांक नसून सीमा आहे, आणि सीमेकडे जाताना एच मधला बदल मध्येच शून्य होऊ शकतो. शून्याने भागून कापता येत नाही. काटेकोर सिद्धतेत ही अडचण टाळून पुढे जावे लागते. परीक्षेत ती विचारली जात नसली, तरी वर्गात कुणीतरी हमखास विचारते की कापले तर काय बिघडले, आणि त्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

दुसरी मर्यादा प्रतिमानाची. भिंतीला टेकवलेल्या शिडीचा पाय एका वेगाने ओढत राहिले, तर वरचे टोक जमिनीपाशी येताना त्याचा वेग अमर्याद वाढतो असे सूत्र सांगते. खऱ्या शिडीचे टोक त्याआधीच भिंत सोडते, आणि दोन लांबींमधला संबंध तिथेच तुटतो. नियम बरोबर असतो. ज्या संबंधावर तो लावला तो उरलेला नसतो.

तिसरी मर्यादा विकलनक्षमतेची. पात्राच्या काठाशी जिथे रुंदी एकदम उडी घेते, तिथे साठ्याच्या आलेखाला कोपरा पडतो आणि त्या एका पातळीला मधला गुणक अस्तित्वातच नसतो. बारवीची स्वयंचलित दारे उघडतात तेव्हाही पातळीच्या दरात असाच खंड पडू शकतो. अशा जागी काठाखालचा भाग आणि काठावरचा भाग वेगळे करायचे, प्रत्येकात त्या त्या भागाचा संबंध लिहायचा आणि दोन दर स्वतंत्रपणे काढायचे.